आठ कोनांचा आरसा

कुकरचं झाकण मी भिंतीवर फेकलं होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते माझ्या मुलीच्या भुवईवर लागलं. तीन टाके पडले. संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते आणि तिळाच्या लाडवांचा डबा अजून ओट्यावरच होता. कारण म्हणाल तर एवढंच की ती फोनवर बोलत बसली आणि डाळ करपली. मी शाळेतून नुकतीच आले होते आणि झाकण हातात होतं.

दवाखान्यात मी सांगितलं की घाटाच्या पायरीवरून पाय घसरला. इथे काशीत ब्रह्मा घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, त्यामुळे असल्या थापेवर कुणीही विश्वास ठेवतो. मुलगी मान खाली घालून टाके घेत होती. तिनं मला खोटं पाडलं नाही. परतताना ई-रिक्षात मात्र ती बोलली, समोर रिक्षावाला ऐकतोय याची पर्वा न करता, पण आवाज न चढवता.

"आई, तू शाळेत एकाही मुलीला मारत नाहीस. मतलब तुला थांबता येतं. यापुढे माझ्यावर एकदा जरी हात उचललास ना, तर मी या घरात राहणार नाही. धमकी नाही देत आहे. सांगून ठेवतेय."

एकवीस वर्षांची आहे ती, आणि मला एकच आहे. हिला कुणाचा तरी फोन येतो म्हणून हिची जीभ सुटलीय, असं मला त्या क्षणीही वाटलं आणि तळहात शिवशिवला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. लोकांचा राग नाकावर असतो, माझा हातात असतो. मी मार खाऊन मोठी झाले आणि त्याला आमच्याकडे वळण लावणं म्हणत. मग मलाही लेक झाली आणि मीही वळण लावू लागले. लाटणं, उलथनं, फणी, झाडूचा दांडा, जे हाताला येईल ते. शाळेत माझी ख्याती शांत बाई म्हणून आहे. नवऱ्यानं आयुष्यात कुणाला चापट मारली नाही, आणि मी मारत असताना मला अडवलंही नाही. आवाज चढला की तो देवघरात जाऊन बसतो. त्याचं ते बसणं मला माझ्या मारण्याइतकंच चीड आणतं.

पण ती घर सोडून जाईल या विचारानं मी हादरले होते. ती जे बोलते ते करते, हे मला माहीत होतं.

आमच्या शाळेत चित्रकलेच्या बाई आहेत. त्यांनी फोनवर व्हिडिओ बघून आणि कसलासा सहा महिन्यांचा कोर्स करून फेंगशुई शिकून घेतलं आहे. त्यांच्या पर्समध्ये लिपस्टिकशेजारी होकायंत्र असतं. स्टाफरूममध्ये त्या कुणाची ना कुणाची खुर्ची फिरवत असतात. आम्ही सगळ्या हसायचो. त्या आठवड्यात मी हसले नाही. घरात फार भांडणं होतात, एकदा येऊन बघता का, असं मी त्यांना विचारलं. भांडतं कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

रविवारी त्या आल्या. दूधविनायकाच्या गल्लीतलं आमचं घर त्यांनी खालून वरपर्यंत पाहिलं, होकायंत्र तळहातावर धरून, जिन्यात दोनदा धडपडून. नवं वर्ष यायच्या आत घर मोकळं करा म्हणाल्या. कुठलं नवं वर्ष, चीनचं की एक जानेवारीचं, ते तर होऊन गेलं, असं मी विचारलं. तुमचं कधी असतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चैत्री पाडवा. मग पाडव्याच्या आत करा, वर्ष कुणाचंही असो, हवा तीच, असं म्हणून त्यांनी वही काढली. फुटकं, तडकलेलं, बंद पडलेलं सगळं बाहेर काढायचं. माझ्या पलंगाच्या बरोबर वर तुळई आहे, पलंग सरकवायचा. शयनघरातली लाल चादर काढायची. आणि स्वयंपाकघरात टोकदार, धारदार वस्तू उघड्यावर ठेवायच्या नाहीत, त्यांच्यातून घरात बोचरी ऊर्जा फिरते.

त्यांच्या डोळ्यासमोर सुऱ्या आणि विळी होती. मला काय लपवायचं ते बरोबर कळलं. त्या गेल्यावर मी लाटणं, उलथनं, सांडशी आणि कुकरचं झाकण असं सगळं फडताळाच्या तळाशी घातलं आणि वर तांदळाचा डबा ठेवला. नवऱ्यानं तीन दिवस भात खाल्ला आणि चौथ्या दिवशी पोळ्यांचं काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, घरात शांतता हवी असेल तर भात खा. मुलीला सगळं कळलं असावं. त्या दिवशी तिनं बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे चहा मागितला.

आवराआवर मी एकटीनं केली. फुटक्या वस्तू टाकून द्यायच्या असतात, आपटायच्या नसतात. मी आपटल्या. कान तुटलेले कप, तडा गेलेली बरणी, सासऱ्यांच्या वेळचा बंद पडलेला रेडिओ, एकेक चौकात नेऊन दगडी फरशीवर फोडत गेले. रेडिओ मुसळानं फोडला. इतकं बरं वाटलं की घरातल्या चांगल्या चार बश्याही मी त्यात घेतल्या. नवरा जिन्यात उभा राहून बघत होता. कर बाई काय करायचं ते, असं म्हणून तो देवघरात गेला.

आणि खरंच फरक पडला. दारात मी धातूच्या नळ्यांची घंटी टांगली, वारा आला की किणकिणायची. एकदा मुलगी ओला टॉवेल गादीवर टाकून गेली, मी तिला हाक मारली आणि ती परत आली तेव्हा माझा हात खांद्यापर्यंत वर गेलेला होता. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि घंटी वाजली. आम्ही दोघींनी एकदमच वर पाहिलं. ती हसली. माझा हात कसाबसा केसांवर गेला. मला त्या नळ्यांचे पाय धरावेसे वाटले. फाल्गुनाच्या त्या दिवसांत मी कपडे दगडावर इतके आपटायची की दोन साड्या विरल्या, हातावर थापायच्या पोळ्यांची कणीक मळताना परात हलायची, पण हात मुलीला लागला नाही. असे आठवड्यामागून आठवडे गेले आणि मी मनातल्या मनात चित्रकलेच्या बाईंना दुवा देत राहिले.

आरशाचं मात्र वेगळं झालं. बाईंनी जाताना दारात उभं राहून समोर बोट दाखवलं होतं. आमच्या समोर माझ्या थोरल्या जावेचं घर आहे. पूर्वी सगळे एकत्रच होतो, मग दीर-जाऊ समोर राहायला गेले. दीर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धार्मिक कामं करतात, घरात सोवळं-ओवळं कडक. मधली गल्ली इतकी अरुंद आहे की त्यांच्याकडची फोडणी आमच्या डोळ्यांत जाते. त्यांच्या सज्जाचा दगडी कोपरा नेमका आमच्या दारावर रोखलेला आहे. हा बाण आहे, बाई म्हणाल्या, तुमच्या घरातल्या भांडणांचं मूळ हे. त्यावर उपाय म्हणजे दाराच्या वर आठ कोनांचा आरसा, समोर तोंड करून. जे वाईट येतं ते तो आल्या वाटेनं परत पाठवतो.

मला काय आनंद झाला ते सांगते. इतकी वर्षं दोष माझ्या हातात होता, तो आता समोरच्या दगडात निघाला. मी त्याच आठवड्यात आरसा मागवला, लाल-हिरवी लाकडी चौकट असलेला, आणि स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकला.

परत पाठवतो म्हणजे कुठे पाठवतो, हा प्रश्न मला पडला नाही. जावेला पडला. पहिले काही दिवस ती नुसती वर बघून आत जायची. मग तिला कुणीतरी समजावून सांगितलं. माझ्या मुलीनंच सांगितलं असेल, तिचं काकूकडे येणं-जाणं होतं. जाऊ सज्जात येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "तुझ्या घरातलं जे काय आहे ते आमच्यावर फेकतेस होय ग? ते काय आहे ते सगळ्या गल्लीला ऐकू येतं."

मी तिला नको ते बोलले. देवाधर्माच्या नावानं जगणाऱ्यांनी मला शिकवू नये, असं काहीसं. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या जुन्या कपाटाच्या दाराचा आरसा काढला, कमरेइतका उंच, आणि सज्जाच्या जाळीला तारेनं बांधला, आमच्याकडे तोंड करून. दिरांनी त्यावर गंधानं स्वस्तिक काढलं. म्हणजे चीनचा इलाज आणि काशीचा शिक्का. सकाळी नऊ वाजता त्यातून उन्हाचा कवडसा सरळ माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि माझे डोळे दिपायचे. मी आरसा उतरवला असता तर तिनंही उतरवला असता. मी माझा पुसून लख्ख केला.

मुलगी म्हणाली, काढून टाक न आई, काकूला त्रास होतोय. मी म्हटलं, हा आरसा लावल्यापासून मी तुला हात लावलाय का? ती म्हणाली, मी समजत होते तू स्वतःहून थांबलीस. हे मला तेव्हा नीट कळलं नाही. माझ्याविरुद्ध काकूची बाजू घेतेय, एवढंच कळलं.

आमच्या भागात सकाळी माकडं येतात. संकठा घाटाकडून गच्च्यागच्च्यांवरून पूर्ण टोळी येते, म्हणून तर सगळ्यांच्या सज्ज्यांना जाळ्या आहेत. गल्लीतलं लहान मूलसुद्धा आरसा उघड्यावर टांगत नाही. मी तीस वर्षं इथे राहते आणि जाऊ माझ्याहून जास्त. आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नाही, इतक्या आम्ही एकमेकींच्या नादात होतो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी टोळी आली. पुढे एक दांडगा नर होता, तुटक्या कानाचा. तो जावेच्या सज्जाच्या जाळीवर उतरला आणि त्याला मोठ्या आरशात दुसरा नर दिसला. त्यानं दात विचकले. समोरच्यानंही विचकले. त्यानं फटका मारला, आरसा हलला, तसा तो आणखी खवळला आणि दोन्ही हातांनी जाळी हलवू लागला. बाकीची माकडं किंचाळायला लागली. जाऊ काठी घेऊन खाली गल्लीत धावली आणि खालून काठी आपटून ओरडू लागली. नर तिथून उडाला तो थेट माझ्या दाराच्या वर. तिथे माझा आरसा होता. त्यात त्याला परत तोच दिसला. त्यानं आरसा खिळ्यासकट उपटला, तोंडाजवळ नेला, चावला आणि भिरकावून दिला. आठ कोनांची ती चौकट सरळ जावेच्या कपाळावर आली.

मी वरच्या खिडकीतून हे पाहिलं. रक्त तिच्या डोळ्यात उतरलं, तिथून पदरावर. ती मटकन उंबऱ्यावर बसली. कुणाही शहाण्या बाईनं पाणी घेऊन धावायला हवं होतं. मी धावले, पण हात रिकामे होते आणि तोंड चालू होतं. तुमच्या त्या कपाटाच्या आरशानंच माकडं बोलावली, हे माझं पहिलं वाक्य होतं. ती रक्ताळल्या चेहऱ्यानं उठली आणि तिनं माझ्या झिंज्या धरल्या. मी तिला ढकललं. तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तिनं मला चावा घेतला, दंडावर, अजून वण आहे. मी तिची काठी हिसकावून घेतली. पायाखाली काचा करकरत होत्या, वर माकडं बोंबलत होती, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या होत्या. आम्ही दोघी पन्नाशी उलटलेल्या, एका सासूच्या हाताखाली पुरणपोळ्या लाटलेल्या. मला तिला मारायचं होतं, मनापासून मारायचं होतं, आणि मी मारलं. दोनदा, पाठीवर.

मग माझी मुलगी आली. ती अनवाणी धावत आली, आमच्या मधे घुसली, तिनं ओढणी काढून काकूच्या कपाळावर दाबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, आत जा."

तिसरा फटका तिला बसला. उजव्या दंडावर. सुका आवाज झाला.

पुढे मी सगळ्यांना सांगितलं की तो चुकून बसला, मारामारीत कळलं नाही मधे कोण आलं ते. नवऱ्याला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, चित्रकलेच्या बाईंनाही सांगितलं. ते खोटं आहे. मला दिसत होतं ती कोण आहे. सगळ्या गल्लीसमोर तिनं मला आत जा म्हटलं, म्हणून मी मारलं.

ती रडली नाही. काकूला धरून समोरच्या घरात गेली आणि दार लागलं. दुपारी ती परत आली, फक्त कपडे आणि पुस्तकं घ्यायला. उजवा हात तिला वर करता येत नव्हता, डाव्या हातानं कपाटातून एकेक काढत होती. मी दारात उभी राहून बोलत होते. मी काय काय बोलले ते आठवत नाही. माफीही मागितली असेल, शिव्याही दिल्या असतील. दोन पिशव्या भरल्या. नवरा देवघरातून उठून आला. मला वाटलं तिला थांबवेल. त्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या आणि गल्ली ओलांडून समोरच्या जिन्यावर नेऊन ठेवल्या. एवढ्या वर्षांत मुलीसाठी त्यानं माझ्यासमोर केलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती तिला घरातून न्यायला केली म्हणून मी त्याच्यावर भडकले. नंतर कळलं की त्याला दुसरं काही करण्यासारखं मी ठेवलंच नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी घर आवरलेलं होतं. फुटकं काही नाही, धारदार काही नाही, पलंग तुळईखालून सरकवलेला. पुस्तकात असतं तसं मोकळं घर. मी गुढी घेऊन गच्चीवर गेले. समोरच्या गच्चीवर मुलगीही गुढी उभारत होती. उजवा हात ओढणीत अडकवून गळ्यात बांधलेला होता. डाव्या हातानं तिला बांबू पेलत नव्हता, म्हणून कपाळाला पट्टी बांधलेली जाऊ खालून आधार देत होती. लोटा एकदा घसरला, दोघींनी परत बसवला. मी माझी गुढी तशीच कठड्याला टेकवली आणि खाली उतरले.

काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. समोरचं दार वाजवलं. जाऊ आली. पट्टीखालून तिचा डोळा सुजून काळानिळा झाला होता. मी म्हटलं, वहिनी, फार लागलं का. ती म्हणाली, बघतेच आहेस. मी तिला म्हटलं की माझं चुकलं. मुलीला भेटू द्या म्हटलं, तेव्हा ती आत जाऊन आली.

"ती म्हणते, यायचं असेल तर हात मागे धरून ये."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. पोटच्या पोरीनं अट घालावी, तीही जावेच्या तोंडून, तीही सणाच्या दिवशी. परत फिरावंसं वाटलं. उंबऱ्याच्या सांदीत आदल्या दिवशीची एक काच चमकत होती, तिच्याकडे बघत मी बराच वेळ उभी होते. मग दोन्ही हात पाठीमागे नेले, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि आत गेले.

मुलगी ओट्याशी होती. कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग असं वाटून वाटी भरलेली होती. टाक्यांचा भुवईवरचा वण आता पांढरा पडला आहे, ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ती माझ्याजवळ आली, पण एका हाताचं अंतर ठेवून थांबली. वाटीतलं चिमूटभर डाव्या हातात घेतलं, हात पूर्ण लांब केला आणि माझ्या तोंडाशी आणलं. आम्ही दरवर्षी हे एकमेकींना भरवतो. मी तोंड उघडलं.

कडू फार होतं. ओव्याचा दाणा घशात अडकला, मला ठसका लागला आणि तोंडावर धरायला माझा हात आपोआप पुढे आला.

तिचं डावं कोपर एकदम वर गेलं, चेहऱ्याच्या आड. डोळे मिटलेले. गळ्यातल्या ओढणीतला दुखरा हातसुद्धा तिनं उचलायचा प्रयत्न केला, आणि कळ आली तशी ती कण्हली.

खोकता खोकताच मी हात मागे नेला आणि मनगट पुन्हा धरलं. ती कोपर खाली घेत नव्हती. मी तिला नावानं हाक मारली आणि हात मागे आहेत असं सांगितलं. तिनं कोपराखालून एक डोळा उघडून आधी माझ्या खांद्यांकडे पाहिलं, ते हलतात का ते. मी तशीच उभी राहिले.